जुन्या गाडीचा एअर बॉक्स काढून टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एके काळी वेगासाठी नावाजलेल्या जुन्या गाड्या आजही चालत्या ठेवणाऱ्या तरुणांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. पालिओ १.६, होंडा सिटी व्हीटेक, आयकॉन १.६, बलेनो या गाड्या वीस वर्षांनंतरही कोणी तरी जिवापाड जपत आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. त्यांतली पालिओ तर आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मात्र त्या लेखातील एका सल्ल्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा बॉक्स काढून टाकावा, त्याच जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर पाइपाच्या टोकाला बसवावा, म्हणजे इंजिनाला थंड व मोकळी हवा मिळून दहा-पंधरा अश्वशक्ती वाढते, असे त्यात म्हटले आहे. यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात नोकरीचा काळ गेलेला आणि आता निवृत्तीनंतर स्वतःची १.६ लिटरची जुनी पेट्रोल गाडी स्वतःच्या हाताने सांभाळणारा माणूस म्हणून मला असे सांगायचे आहे की, या सल्ल्याप्रमाणे वागल्यास बहुतेक गाड्यांत ताकद वाढण्याऐवजी घटते, आणि पावसाळ्यात इंजिन कायमचे निकामी होण्याचा धोका पत्करावा लागतो. थंड हवेचा इनटेक (इंजिनात बाहेरची हवा घेण्याची रचना) घरी नक्की बनवता येतो. पण तो कंपनीचा बॉक्स टिकवून, त्याच्या तोंडापर्यंत बाहेरची हवा नीट आणून बनवायचा असतो.

पेट्रोल इंजिनात वजनाच्या हिशेबाने पेट्रोलच्या सुमारे पंधरापट हवा जाते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला जवळपास अकरा किलो, म्हणजे नऊ हजार लिटरांहून अधिक हवा लागते. १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून, चालते, तेव्हा ते सेकंदाला ६५ ते ७० लिटर हवा ओढत असते. पंप आणि इंजेक्टर सुस्थितीत असतील तर हवे तेवढे पेट्रोल सोडणे इंजिनाच्या कॉम्प्युटरला अवघड नसते. मर्यादा येते ती हवेची. ही मर्यादा दोन गोष्टींनी ठरते. एक, वाटेत हवेला किती अडथळा होतो. आणि दुसरी, आत येणारी हवा किती गरम आहे. लेखात फक्त पहिल्या गोष्टीचा विचार झाला आहे.

दुसऱ्या गोष्टीचा हिशेब सोपा आहे. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून साधारण दर तीन अंश सेल्सियसला ती एक टक्क्याने कमी होते. २५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिची घनता दहा टक्क्यांहून थोडी अधिक घटते. इंजिनाची ताकद मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, कारण गरम भिंतींना लागून हवा तशीही थोडी तापतच असते. त्यामुळे वाहनांच्या इंजिनाची ताकद मोजण्याच्या आयएसओ १५८५ या मानकात टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी तापमानाचा परिणाम निरपेक्ष तापमानाच्या ०.६ या घातांकाने धरला जातो. त्या सूत्राप्रमाणे २५ ऐवजी ६० अंशांची हवा घेणारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ९४ अश्वशक्तीच देईल. याखेरीज गरम हवेने नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याची, शक्यता वाढते, आणि ते टाळण्यासाठी बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो). म्हणजे आणखी थोडी ताकद जाते. ज्या जुन्या गाड्यांत नॉक सेन्सरच नाही, त्यांत चढावर इंजिन वाजू लागते आणि ते दुर्लक्षित राहिले तर पिस्टनला अपाय होतो.

आता उघडा फिल्टर कोठे बसतो ते पाहावे. आपल्याकडील बहुतेक पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि बोनेटखाली जागा फारच थोडी असते. शंकूचा फिल्टर जळालेला तप्त वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून हात-दीड हातावर, रेडिएटरचा पंखा जेथे गरम हवा फेकतो त्याच प्रवाहात येतो. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बोनेटखाली तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते. विदर्भात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, तेथे काय होत असेल याची कल्पना करता येईल. मग ताकद वाढल्यासारखी का वाटते? कारण आवाज बदलतो. कंपनीच्या बॉक्सला आणि त्याच्या नळीला जे बंद डबे जोडलेले असतात, ते रेझोनेटर असून हवा ओढण्याचा घुमणारा आवाज शोषण्यासाठी असतात. ते निघाले की थ्रॉटल उघडताच इंजिनाची गर्जना केबिनमध्ये येते आणि चालवणाऱ्याला गाडी अधिक जोरात ओढते आहे असे मनापासून वाटते. तो आवाज मलाही आवडतो, पण ताकदीचे मोजमाप आवाजावरून करता येत नाही.

म्हणून जुन्या गाडीवर हत्यार चालवण्यापूर्वी कंपनीच्या बॉक्सची नळी कोठे उघडते हे टॉर्च घेऊन शोधावे. ती अनेकदा हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ग्रिलच्या आड किंवा फेंडरच्या पोकळीत उघडते. म्हणजे बाहेरची हवा घेण्याचा विचार कारखान्यातील अभियंत्यांनी केलेला असतो, आणि आपण जो बॉक्स अडगळ म्हणून काढतो तोच खरा थंड हवेचा इनटेक असतो. हेही खरे की, त्या अभियंत्यांना आवाजाची मर्यादा, खर्च, एकाच बॉक्सात तीन-चार मॉडेल बसवण्याची गरज, असे बरेच काही सांभाळावे लागते. त्यातून काही गाड्यांत बॉक्सचे तोंड नको इतके अरुंद राहते, काहींत नळी बोनेटखालची गरम हवाच घेते, आणि वीस वर्षांत बीडिंग वाळून, क्लिपा तुटून, बॉक्सचे झाकण नीट बसेनासे झालेले असते. सुधारणेला वाव असतो, तो येथे. निम्म्या जुन्या गाड्यांत तर नवा कागदी फिल्टर, झाकणाचे नवे बीडिंग आणि भेगाळलेला रबरी बेलो (बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतची घड्यांची लवचीक नळी) बदलणे एवढ्यानेच गाडी मूळ तब्येतीवर येईल, असे माझे प्रांजळ मत आहे.

वाव किती आहे हे अंदाजाने ठरवू नये, कारण ते मोजण्याचे साधन कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गवंडी लेव्हल काढण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, ती दोन-अडीच मीटर घ्यावी, लाकडी पट्टीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बांधावी, तिच्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरावे आणि मागे सेंटिमीटरची पट्टी चिकटवावी. नळीचे एक टोक हवेत मोकळे ठेवायचे आणि दुसरे टोक फिल्टर व थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या पाइपाला एका बारीक नोझलने जोडायचे. दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत राहून पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन जेवढ्या अडथळ्यातून हवा ओढत असेल तेवढा पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक पडतो. तो शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचा, चालवणाऱ्याने नव्हे. दहा सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे एक टक्का. नंतर तेच टोक फिल्टरच्या आधी, बॉक्सच्या बाहेरच्या भागात जोडून पुन्हा वाचन घ्यावे. दोन्ही वाचनांतील फरक हा फिल्टरचा अडथळा आणि दुसरे वाचन हा त्याआधीच्या नळीचा. माझ्या अनुभवात स्वच्छ कागदी फिल्टरचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघतो आणि दोष असलाच तर तो अरुंद नळीत किंवा बेलोच्या चेपलेल्या वळणात सापडतो.

या मोजणीत एक खबरदारी जिवाभावाने सांगतो. ही नळी थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला कधीही जोडू नये. थ्रॉटल बंद असताना तेथे इतका निर्वात असतो की तो कित्येक मीटर उंचीचे पाणी ओढून घेईल आणि नळीतले सगळे पाणी इंजिनात जाईल. थ्रॉटलच्या आधीच्या भागात हा प्रश्न येत नाही, तरीही नळीचा प्रत्येक उभा भाग अर्ध्या मीटरहून अधिक उंच ठेवावा.

तापमान मोजायला फ्रिजसाठी मिळणारा, लांब तारेचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. त्याचे टोक बॉक्सच्या आत, पण फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला बांधावे, म्हणजे ते सुटले तरी फिल्टर त्याला अडवेल आणि ते इंजिनापर्यंत जाणार नाही. गाडी हमरस्त्यावर चालत असताना आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश गरम आहे, आणि शहरातील कोंडीत ती किती वर जाते, ही दोन वाचने लिहून ठेवावीत. दाब व तापमान या दोन्हींची नोंद हातात आली की काय करायचे ते बहुधा आपोआप स्पष्ट होते. एकूण अडथळा पंधरा-वीस सेंटिमीटरच असेल आणि चालत्या गाडीत हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंशांनीच गरम असेल, तर अशा गाडीत मिळवण्यासारखे दोन-तीन टक्क्यांहून अधिक काही उरलेले नाही. तो खर्च स्पार्क प्लग, इंजेक्टरची सफाई किंवा टायर यांवर करावा.

ज्या गाडीत वाव दिसतो, तीत मूळ बॉक्स आणि त्यातील मूळ मापाचा कागदी फिल्टर कायम ठेवून त्याच्या तोंडापर्यंत एक रुंद, सरळ नळी ग्रिलच्या मागच्या भागातून आणावी. ग्रिलच्या मागे हवेचा दाब असतो आणि ती हवा अजून रेडिएटरमधून गेलेली नसते, त्यामुळे ती बाहेरच्या तापमानाचीच असते. नळीचे माप ठरवताना फार मोठे घेण्याचा मोह टाळावा. पाण्याच्या पीव्हीसी पाइपात मिळणाऱ्या ६३ मिलिमीटरच्या मापाचा आतला व्यास साठीच्या आसपास भरतो, आणि १.६ लिटरच्या इंजिनाची पूर्ण मागणी त्यातून सेकंदाला चोवीस-पंचवीस मीटर वेगाने जाते. एवढ्या वेगाला छोट्या नळीत विशेष अडथळा होत नाही. ७५ मिलिमीटरचा पाइप घेतला तर वेग आणखी कमी होतो, पण तो जुन्या गाडीच्या गर्दीत बसवताना दोन जादा वळणे द्यावी लागत असतील तर मिळालेला फायदा त्या वळणांतच जातो. जेथे वळण अटळ असेल तेथे काटकोनी एल्बो न वापरता लाँग बेंड वापरावा. हवा आत शिरते ते टोक कापून तसेच ठेवू नये. पीव्हीसी गरम करून त्याची कड बाहेरच्या बाजूला गोलाकार वळवावी, कारण धारदार कडेपाशी हवा फाटते आणि नळीचा उपयोगी व्यास कमी होतो.

साहित्याबाबत पीव्हीसीवर एक मर्यादा घालतो. ते साधारण ८० अंशांच्या सुमारास मऊ पडते आणि पेटले तर विषारी, आम्लयुक्त धूर देते. ग्रिलपासून बॉक्सपर्यंतच्या थंड बाजूला ते चालेल. बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या बाजूला ते मुळीच वापरू नये. तेथे मूळ रबरी बेलो किंवा सिलिकॉनचा होज हाच योग्य. ॲल्युमिनियमचा पाइप तापतो म्हणून तो वाईट, असे काही जण सांगतात. त्यात अर्धेच तथ्य आहे. पूर्ण थ्रॉटलवर हवा मीटरभर नळीतून सेकंदाच्या विसाव्या भागात निघून जाते, तेवढ्यात ती फारशी तापत नाही. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, मात्र इंजिनाला सेकंदाला तीन-चार लिटरच हवा लागते, ती त्याच नळीत वीसपट वेळ रेंगाळते आणि म्हणून सिग्नल सुटल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत गाडी जड वाटते. नळीवर आणि बॉक्सच्या एक्झॉस्टकडील बाजूवर फॉइल लावलेली फोमची पट्टी गुंडाळली, तसेच बॉक्स व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा थोडी फट ठेवून उभा केला, तर हा परिणाम बराच कमी होतो. पत्र्याच्या कडेला रबर बीडिंग लावावे, म्हणजे तो खडखडणार नाही आणि एखादी वायर त्यावर घासून कापली जाणार नाही.

जोडकामात सर्वाधिक चुका होतात त्या तीन ठिकाणी. इंजिन रबरी माउंटिंगवर उभे असते आणि थ्रॉटल देताच ते मागे-पुढे हलते. बॉक्स मात्र बॉडीला जखडलेला असतो. दोहोंमध्ये लवचीक भाग नसेल तर काही महिन्यांत नळीला भेग पडते आणि त्या भेगेतून फिल्टर न झालेली हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. दुसरे म्हणजे क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पेटीची) ब्रीदर नळी. ती फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपाला जोडलेली असते आणि पिस्टनच्या कडेने खाली उतरलेले वायू पुन्हा इंजिनात जाळण्याचे काम करते. घरगुती इनटेक बसवताना ही नळी अनेक जण तोडून मोकळी सोडतात. त्यामुळे तेलाची वाफ बोनेटखाली पसरते, गाडीला वास येतो आणि प्रदूषणाच्या दृष्टीनेही ते चूक आहे. तिसरे, सेन्सर. हवेचे तापमान सांगणारा सेन्सर पाइपात असेल तर तो पूर्वीसारखाच हवेच्या प्रवाहात बसला पाहिजे. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा हिशेब केला जातो, त्या अशा बदलाला सहज सामावून घेतात. ज्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा एअर मास सेन्सर आहे, त्यांत मात्र सेन्सरच्या नळीचा व्यास बदलला की त्याचे वाचनच खोटे ठरते, कारण कॉम्प्युटरने त्या ठरावीक व्यासासाठी गणित बसवलेले असते. तेथे सेन्सरची मूळ नळी, आणि शक्यतो तिच्या आधीचा सरळ भाग, जसाच्या तसा ठेवावा.

गाडीच्या वेगाने हवा आपोआप कोंबली जाऊन टर्बोसारखा परिणाम होतो, असेही पुष्कळदा ऐकू येते. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब फार तर ०.४५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. तुलनेसाठी सांगतो, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो, आणि महाबळेश्वरला ही घट पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. पसरणीचा घाट चढताना गाडी वरच्या वळणांवर मंदावल्यासारखी वाटते, त्यात फिल्टरचा दोष नसतो. इनटेकमुळे ॲव्हरेज वाढते हे म्हणणेही टिकत नाही. नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट मिटलेलाच असतो, म्हणजे हवा आपण हेतुपुरस्सर अडवत असतो. तेथे नळी रुंद असल्याने पेट्रोल वाचण्याचे कारण नाही.

या पत्राचे सर्वांत महत्त्वाचे कारण पाणी हे आहे. बोनेटखालची गरम हवा टाळण्यासाठी काही जण लांब पाइप घेऊन फिल्टर बंपरच्या मागे, फेंडरच्या तळाशी, रस्त्यापासून हातभर उंचीवर नेतात. तेथे हवा थंड असते हे खरे. कोरड्या प्रदेशात किंवा बंदिस्त ट्रॅकवर ती रचना योग्यही असेल. परंतु हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे येथे दर पावसाळ्यात काय होते हे मुंबईकरांना सांगायला नको, आणि आता पुण्यातील कित्येक चौकांतही एका जोरदार सरीत गुडघाभर पाणी साचते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. १.६ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ४०० घन सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) दहा धरला तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ४४ घन सेंटिमीटर जागा उरते. तीन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये गेले तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात सापडलेल्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या, आणि त्यांचे इनटेक तर कारखान्यातून आले तसेच उंचावर होते. साध्या मोटार विम्यात पाणी ओढून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठीचे इंजिन संरक्षणाचे जादा कव्हर वीस वर्षे जुन्या गाडीला बहुधा दिलेच जात नाही. शिवाय पालिओसारख्या गाडीचे क्रँक, रॉड, ब्लॉक आता शोधूनही मिळत नाहीत. अशा गाडीचा मालक एका संध्याकाळी ती कायमची गमावतो.

हे टाळण्यासाठी नळीचे तोंड हेडलाइटच्या वरच्या कडेपेक्षा खाली असू नये, आणि तोंडापासून बॉक्सकडे जाताना नळी आधी थोडी वर चढलेली असावी. बॉक्सच्या तळाला मूळ ड्रेनचे भोक असते, ते बुजवू नये. ते नसेल तर सर्वांत खालच्या बिंदूला आठ मिलिमीटरचे भोक पाडावे. मुसळधार पावसात ग्रिलमधून येणारे तुषार तेथून निथळतात. तोंडावर बारीक जाळी लावायची असेल तर ती नळीपेक्षा मोठ्या क्षेत्रफळाची असावी, नाही तर तीच नवा अडथळा होते. पाण्यातून जाताना गाडी बंद पडलीच, तर सेल्फ मारून ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. आधी चारही प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे.

धुळीबद्दल थोडेच लिहितो. आपल्या रस्त्यांवरील धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते रिंगा व सिलिंडरची भिंत घासून काढतात. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचा अडथळा कागदी फिल्टरपेक्षा थोडा कमी असतो, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर वरचढ ठरतो. शिवाय कापडी फिल्टरला तेल जास्त झाले तर ते एअर मास सेन्सरवर जाऊन बसते. उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या मागून धुरळ्यातून जाणाऱ्या सांगली-कोल्हापूरकडच्या गाडीला कागदी फिल्टरच वापरावा, आणि तो पुस्तिकेत लिहिल्यापेक्षा लवकर बदलावा.

कायद्याचा उल्लेख आपल्या लेखात आला नाही, तो यायला हवा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बॉक्सच्या तोंडाची नळी बदलल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील एकही नोंद बदलत नाही, हे खरे असले तरी आवाज आणि उत्सर्जन यांचे नियम लागू राहतातच. रेझोनेटर आणि ब्रीदर जागेवर ठेवण्याचा माझा आग्रह यासाठीही आहे. काढलेले सर्व मूळ सुटे भाग पिशवीत घालून, त्यावर नाव लिहून जपावेत. गाडी पुन्हा जशीच्या तशी करता आली पाहिजे. रस्त्यावर आणण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घेणे उत्तम.

शेवटी आपणास आणि आपल्यामार्फत इतरांना दोन विनंत्या करतो. आपल्या पुरवणीत असा सल्ला पुन्हा छापताना 'दहा-पंधरा अश्वशक्ती' यासारखा आकडा कोणत्या गाडीवर, कोणत्या तापमानाला आणि कोणत्या यंत्रावर मोजला, हे सोबत द्यावे. मोजलेला नसेल तर आकडा देऊ नये. दुसरी विनंती आपल्या तंत्रनिकेतनांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. त्यांतील ज्यांच्या ऑटोमोबाइल विभागात चासी डायनॅमोमीटर, म्हणजे चाकांवर मिळणारी ताकद मोजणारे यंत्र, आहे, त्यांनी महिन्यातून एखादा शनिवार माफक शुल्क घेऊन अशा जुन्या गाड्यांच्या मोजणीसाठी खुला ठेवावा. वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था उभी असलेल्या पुण्यासारख्या शहरात तरुणांना आपल्या गाडीची ताकद आधी आणि नंतर, एकाच यंत्रावर, तापमान व दाबाची दुरुस्ती करून मोजून मिळू नये, हे मला पटत नाही. विद्यार्थ्यांनाही त्यातून खऱ्या गाड्यांवर काम करायला मिळेल. अशा मोजणीत मालकांना पाण्याच्या नळीचे वाचन कसे घ्यायचे हे शिकवण्यासाठी मी विनामूल्य येण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
चिंचवड, पुणे